तुझ्या बॅटऱ्या भरल्यात, रघू

रघू, तुझ्या दोन्ही बॅटऱ्या भरलेल्या आहेत. आज सकाळी जाऊन बघितल्या. दोन वर्षं ज्या सकाळच्या वेळी कधी धड भरलेल्या सापडल्या नाहीत, ज्यांच्यापायी आपण दोघं म्हातारे भांडलो, वायरी बदलल्या, एकमेकांची अक्कल काढली, त्या आज पॅनेलवर ऊन चढायच्या आधीच तट्ट भरून बसल्या होत्या. आणि तू नाहीस. मीटर हातात धरून मी तुझ्या खाटेवर टेकलो आणि मला रडू आलं. बारामतीच्या दवाखान्यात आलं नव्हतं, राख पाण्यात सोडतानाही आलं नव्हतं. तेव्हा तुझा पुतण्या रडत होता आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होतो. मला वाटलं, माझी मालती गेली तेव्हाच आपलं रडणं संपलं असेल. तसं काही नव्हतं.

खरं म्हणजे मी त्या काढून न्यायला आलो होतो. पुतण्याचा फोन आला होता. म्हणाला, पाणी उतरल्याशिवाय बोट वर ओढता येणार नाही, तोवर बॅटऱ्या तेवढ्या न्या, उगीच पडून खराब होतील. त्याचं चुकलं नाही. पोरगं गुणाचं आहे, तुझं सगळं त्यानं मनापासून केलं, पण त्याला बोट घेऊन काय करायची? मी तांबडं फुटल्यावर पाने आणि मीटर पिशवीत टाकले, डाळजहून स्कूटर काढली आणि पाण्याला वळसा घालत तुझ्या धक्क्यावर आलो. माझ्या गच्चीवरून तुझा धक्का नाकासमोर दिसतो, पण मध्ये धरणाच्या पाण्याचा फाटा आडवा आलेला, म्हणून रस्ता लांबचा. तू म्हणायचास, होडीनं ये. मी म्हणायचो, मला पोहता येत नाही हे तुला शाळेपासून माहीत आहे, आणि तू दरवेळी नव्यानं ऐकल्यासारखा हसायचास.

काढण्याआधी मोजायचं, ही माझी दुकानातली सवय. मोजलं तर बारा पॉइंट आठ. दुसरीही तेवढीच. तुझ्या बोटीवर हा आकडा सकाळी मी कधी बघितला नव्हता. क्षणभर वाटलं, मीटरच बिघडला. मग वाटलं, हा शुद्ध चावटपणा आहे, आणि तो तूच कुठून तरी करतो आहेस.

तू बोटीवर का राहतोस, हे मला लोकांनी इतक्यांदा विचारलं की शेवटी मी उत्तर द्यायचं सोडून दिलं. धरणाचं पाणी गावात शिरलं तेव्हा आपल्याला नुकती मिसरूडं फुटत होती. माझ्या बापानं डाळजला जमीन घेतली, मी बारामतीत बॅटरीच्या दुकानात चिकटलो आणि पुढं स्वतःचं दुकान टाकलं. तू मुंबईच्या बंदरात गेलास, टगबोटींच्या इंजिनात उभा जन्म घातलास, लग्नबिग्न केलं नाहीस. परत आलास तर पुनर्वसनातल्या घरात भावाचा संसार पसरलेला. तू कुरकुर केली नाहीस. पक्षी बघायला येणाऱ्या लोकांसाठी होड्या बनवणारा एक वेल्डर गाठलास, त्याच्याकडून लोखंडी बोट बांधून घेतलीस, वर पत्र्याची खोली, आत खाट, शेगडी, पंखा, आणि टपावर सोलरचं पॅनेल. सगळे म्हणाले, रघूला मुंबई बाधली. तुझा भाऊ तुला समजवायला धक्क्यावर आला, तेव्हा मी तिथंच होतो. तू पाण्याकडं बोट करून म्हणालास, "आपलं घर हितंच खाली हाय की. मी फकस्त माडीवर राहतो." भाऊ आल्या वाटेनं परत गेला.

बॅटऱ्यांमुळं तू पुन्हा माझ्या हाती लागलास. पहिला जोड तू मुंबईहूनच आणला होतास आणि वर्षभरात त्याचा निकाल लावलास. मी झाकणं उघडून बघितलं तर प्लेटांवर पांढरा थर. विचारलं, पाणी कुठलं घालतोस? तू शांतपणे बोटीच्या कडेला वाकलास, तांब्या बुडवलास आणि मला दाखवलास. मला घेरी यायची बाकी राहिली. अरे, आयुष्यभर इंजिनात काम केलेला माणूस तू. बॅटरीत डिस्टिल वॉटर घालतात हे शाळकरी पोराला कळतं. तुलाही कळत होतं. पण तुझं म्हणणं वेगळंच. "ह्या पाण्याखाली आपला गाव हाय वश्या. हे पाणी आपल्याला कसं बाधंल?" मी म्हणालो, तुला बाधणार नाही, बॅटरीला बाधेल, ती आपल्या गावची नाही. त्यावर तू बराच वेळ विचार केलास आणि म्हणालास, हे मात्र खरं. दुसऱ्या दिवशी बारामतीला दुकानात येऊन डिस्टिल वॉटरचा कॅन घेऊन गेलास. भांडणात तू कधी हार मानलीस ती तेवढीच.

तेव्हापासून माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. दुकान मुलाच्या हवाली केलं होतं, डाळजच्या घरी आम्ही दोघंच, मालती आणि मी. आठवड्यातून एकदा तिच्या हातचं काहीतरी डब्यात घेऊन मी तुझ्याकडं यायचो. आपली पद्धत ठरलेली. मी खाली बोटीच्या पोटात, गुडघ्यावर, मीटरच्या दोन्ही तारा टर्मिनलवर टेकवून. तू वर दारात, मीटर हातात धरून आकडा सांगायला. आणि तू आकडा कधी खरा सांगितला नाहीस. साडेअकरा असला तरी तू म्हणायचास, बारा. पावणेबारा, तरी बारा. मी खालून ओरडायचो, नीट बघ. तू म्हणायचास, "बाराच हाय म्हण की, त्येवढंच बॅटरीला बरं वाटंल." मी वर येऊन मीटर हिसकावून घ्यायचो. आज वर आकडा सांगायला कुणी नव्हतं. मी मीटर तुझ्या टोपीच्या खिळ्याला अडकवला, मान तिरकी करून वाचला. तसं बघितलं तर काम एकट्यानंही होतं. आजवर उगीचच आपण दोघं लागत होतो.

मालती गेली त्या उन्हाळ्यात मी तुझ्याकडं आलो आणि नुसता बसून राहिलो. तू बॅटरीचा विषय काढला नाहीस, तिचाही काढला नाहीस. चहा केलास. गुळाचा, मला साखर वर्ज्य म्हणून, जणू गुळात साखर नसते. मग मीच बोलायला लागलो. सांगितलं की झोप लागत नाही. गच्चीवर जाऊन बसतो. सगळीकडं अंधार असतो, पण तुझ्या धक्क्यावरचा पंचायतीचा दिवा दिसतो, त्यानं जरा बरं वाटतं. कुणीतरी जागं आहे असं वाटतं. तू फुर्र करून चहा प्यालास आणि म्हणालास, कावळीनं टपावर घरटं केलंय, बघायचं का. मला तेव्हा तुझा रागच आला होता. आपण मन मोकळं करावं आणि ह्यानं कावळी दाखवावी.

पुढं पावसाळ्यात तो दिवा गेला. मी तुला तेही सांगितलं असणार, कारण तू म्हणालास, सांगतो पंचायतीला. आणि चार-आठ दिवसांत दिवा पुन्हा आला की. पहिल्यापेक्षा जरा पांढरा, पण आला. मी तुझ्यापुढं पंचायतीचं तोंड भरून कौतुक केलं. म्हणालो, लोक उगीच नावं ठेवतात, बघ, एका शब्दावर दिवा लावला. तू गंभीर चेहऱ्यानं मान हलवलीस. म्हणालास, व्हय, माणसं चांगली हायती.

रघू, ताकास तूर लागू दिली नाहीस तू.

उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की तुला बोट थोडी आत सरकवावी लागायची. त्या दिवसांत मला गच्चीवरून तो दिवा जरा डावीकडं गेल्यासारखा वाटायचा. मी तुला म्हणालो, आता डोळेही चाललेत, दिवा जागचा हललेला दिसतो. तू म्हणालास, मोतीबिंदू पिकला असंल. आणि मला धरून बारामतीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेलास. एसटी स्टँडवर आपण भजी खाल्ली. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, पण त्यामुळं दिवा डावीकडं सरकत नाही. तू माझ्या शेजारी बसून सगळं ऐकत होतास. त्या वेळी तुझं तोंड कसं होतं, हे आठवायचा मी आज दिवसभर प्रयत्न करतो आहे. डोळ्यात औषध घातलं होतं, मला नीट दिसतच नव्हतं.

दिवस मावळल्यावर स्कूटर चालवायची नाही, अशी शपथ मुलानं मालती गेली तेव्हाच घातली होती, डॉक्टरांनीही आता तेच सांगितलं. त्यामुळं मी नेहमी उन्हं कलायच्या आत तुझ्याकडून निघायचो. तुझी बोट रात्री कशी दिसते हे मी मालती गेल्यापासून एकदाही बघितलं नाही.

बॅटऱ्यांचं दुखणंही मालती गेली त्याच वर्षीच्या पावसाळ्यात सुरू झालं. दिवसा ऊन चांगलं, पॅनेल चांगलं, तरी सकाळी बॅटऱ्या निम्म्या उतरलेल्या. मी तुला विचारायचो, रात्री काय काय चालतं? तू म्हणायचास, पंखा, आणि मोबाइल चार्जिंगला. मी हिशोब मांडायचो. एवढ्याशा पंख्यानं एवढी बॅटरी उतरत नाही. म्हणजे करंट कुठंतरी गळतोय. तू म्हणायचास, "तुजा हिशोबच गळतोय." मी सगळी बटणं बंद करून तारेतून किती करंट जातो ते मोजायचो, तर शून्य. भर दुपारी दुसरं काय येणार? मी टर्मिनल घासली, ग्रीस लावलं, पॅनेलची वायर बदलली, चार्जिंगचा डबा बदलला. मग पंपावर संशय घेतला. बोटीच्या तळाशी झिरपलेलं पाणी बाहेर टाकायला तू मागच्या बाजूला छोटा पंप बसवला होतास, आपोआप सुरू होणारा. मी म्हणालो, हाच रात्री उगीच फिरत असणार. बिचाऱ्या पंपाचं मी दोनदा ऑपरेशन केलं. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती ही. आणि तू शेजारी बसून मला पक्कड दे, पाना दे, करत होतास.

शेवटी मी निकाल दिला, बॅटऱ्याच संपल्यात. तू म्हणालास, एक गेली असंल, दुसरी चांगली हाय, तिला कशाला काढायची? इथं मात्र मी ऐकणार नव्हतो. जोड बदलायचा तर दोन्ही एकदम. जुनी आणि नवी शेजारी बांधली की जुनी नवीला खाते, महिन्याभरात दोन्ही सारख्याच म्हाताऱ्या होतात. आयुष्यभर गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "मंग तुजं पोरगं तुला बारामतीला ऱ्हायला बोलवतंय, तिकडं जाऊ नगंस." मुलगा खरंच मागं लागला होता आणि मी खरंच अजून हो म्हणालो नव्हतो. थोड्या वेळानं तूच म्हणालास, चेष्टा केली रे, जायचं तर जा. पण मग सगळं तसंच राहिलं आणि त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं. मला विचारायचं होतं की मी गेलो तर तुझ्या बॅटऱ्या कोण बघणार. तू काय म्हणाला असतास कुणास ठाऊक.

नवा जोड आणला तो दिवस मात्र आपला होता. दुकानातून टेम्पोत दोन बॅटऱ्या घातल्या, तू पुढं बसलास, मी मागं त्या धरून. धक्क्यावर उतरवल्या तर एकेक बॅटरी एका माणसाला उचलेना. तू बंदरातला माणूस. दोराचा झोळ केलास, फळी टाकलीस, मला म्हणालास नुसता दोर सैल सोड, शहाणपणा करू नगंस. मी शहाणपणा केला. बॅटरी फळीवरून घसरली, तू पोटानं अडवलीस आणि तशीच मिठी मारून उभा राहिलास. सुमननं तिच्या टपरीवरून धावत येऊन दुसरी बाजू धरली. सुमन म्हणजे धक्क्यावर मासे तळते ती. तिचा नवरा जाळी टाकतो. ती म्हणाली, आबा, लगीन लागल्यावानी काय धरलंय. तू म्हणालास, "उभ्या जन्मात एकदा घावली हाय, सोडतो व्हय." तिघंही इतके हसलो की बॅटरी खाली ठेवायचं सुचेना.

नव्या बॅटऱ्याही पंधरवड्यात सकाळच्या अर्ध्या दिसायला लागल्या. मी हात टेकले. तू म्हणालास, जाऊ दे वश्या, तुजा हिशोब चुकतोय, दर आठवड्याला येऊन पुन्यांदा मांडत जा. मी येत राहिलो.

अजून एक भांडण राहिलं आहे. तू मला नेहमी सांगायचास की झोपताना ओटीवरचा दिवा चालू ठेवत जा. मी म्हणायचो, कशाला? तू म्हणायचास, "किरडू-बिरडू येतं." मी विचारायचो, उजेड बघून साप पळतो हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? जन्मभर बॅटऱ्या विकलेला माणूस मी, रिकाम्या ओटीला रात्रभर उजेड द्यायचा म्हणजे माझ्या जिवावर येतं. निजायच्या आधी सगळ्या घरातून फिरून एकेक बटण बंद करायची माझी सवय, मालती असल्यापासूनची. तू विषय सोडायचास आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा काढायचास. शेवटच्या भेटीतही काढलास. मी म्हणालो, बघू.

तू गेल्यावर मुलानं मला बारामतीलाच ठेवून घेतलं होतं. परवा डाळजला आलो. सवयीनं गच्चीवर गेलो तर समोर काळं पाणी. धक्क्यावर दिवा नाही. मनात म्हटलं, पुन्हा गेला वाटतं, आणि तुला सांगायला पाहिजे असं वाटून गेलं. मग लक्षात आलं. आता मलाच पंचायतीत जाऊन सांगावं लागणार होतं.

म्हणून आज बॅटऱ्या मोजून झाल्यावर, डोळे पुसून, मी आधी सुमनच्या टपरीवर गेलो. ती कांदा चिरत होती. मला बघून तिनं पदर सारखा केला आणि चहा ठेवला. मी म्हणालो, धक्क्यावरचा दिवा बंद पडलाय, पंचायतीत कुणाला सांगायचं?

"तात्या, त्यो दिवा व्हय? त्यो मालतीकाकी गेल्या त्या वर्सीच्या पावसाळ्यात गेला. तवापासनं लागलाच न्हाय."

मी खांबाकडं मान वर करून बघितलं. दर आठवड्याला त्या खांबाला टेकवून स्कूटर लावतो मी. दिव्याच्या टोपणात चिमण्यांनी काड्या भरल्या होत्या, जुन्या, वाळून पांढऱ्या पडलेल्या. मी विचारलं, मग इतके दिवस उजेड कशाचा होता? तिनं ओल्या हातानं तुझ्या बोटीकडं दाखवलं. मागच्या कोपऱ्यात लोखंडी नळीवर तू एक पांढरी प्लॅस्टिकची बरणी उलटी घातली होतीस, तिच्याकडं.

त्या बरणीवरून मी तुला किती चिडवलं होतं. बगळे बसून घाण करतात म्हणून लावली, असं तू सांगितलं होतंस. मी म्हणालो होतो, बगळ्यांना लोणच्याची भीती वाटते का? बरणीला भोकं का पाडलीस विचारलं तर म्हणालास, वाऱ्यानं वाजावी म्हणून. ती कधी वाजली नाही.

सुमन म्हणाली, "आबा अंधार पडला की लावायचे, उजाडलं की बंद. मी एकदा म्हणलं, धक्क्याला उजेड केलात, लई बरं झालं. तर म्हणले, धक्क्यासाठी न्हाय गं. पलीकडं एक म्हातारा हाय, त्याला झोप लागत न्हाय." मग चहा माझ्यापुढं सारत म्हणाली, "मला वाटलं, तुमाला म्हाईत आसंल."

चहा तसाच राहिला. मी बोटीवर परत गेलो, स्टूल घेतलं आणि बरणी उचलली. आत ट्रकवाले लावतात तसला मोठा एलईडी दिवा. वायर नळीच्या पोटातून खाली गेलेली, आणि खाली पंपाच्या वायरीला जोडलेली. पंपाच्या! ज्याला मी दोनदा खोलला, त्याच्याच वायरीला, जरा मागं, फळीच्या आड, जिथं माझा हात पोचत नाही आणि गुडघे वाकत नाहीत हे तुला माहीत होतं. जोड काय सुरेख केला होतास, टेप कशी गुंडाळली होतीस. आणि बटण तुझ्या खाटेशेजारी, उशीच्या उंचीवर. मी समजत होतो ते पंख्याचं दुसरं बटण आहे.

मग मी हिशोब मांडला. तुझ्या खाटेवर बसून, बोटांवर. पंखा, मोबाइल, आणि अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत हा दिवा. बरोबर जुळला. दोन वर्षांत पहिल्यांदा जुळला. माझा हिशोब चुकत नव्हता, रघू. हे तुझ्या तोंडावर सांगायचं होतं मला, तुला खाली बसवून, मीटर दाखवून. तू काय केलं असतंस तेही ठाऊक आहे. बारा म्हणाला असतास.

मला राग आला आहे तुझा. दोन वर्षं एका म्हाताऱ्याला बोटीच्या पोटात रांगायला लावलंस. गिऱ्हाइकांत ज्याचं नाव होतं त्या माणसाला स्वतःच्या डोक्याची शंका यायला लागली होती. एका शब्दानं सांगितलं असतंस तर? पण मग मी काय म्हणालो असतो, तेही मला कळतं. म्हणालो असतो, बंद कर तो दिवा, बॅटऱ्या मरतील, मला काही गरज नाही त्याची. आणि तू बंद केला नसतास, पण मी गच्चीवर जायचं सोडलं असतं. शिवाय गळती सापडली असती तर मी दर आठवड्याला कशाला आलो असतो? हे तुला माझ्याआधी कळलं होतं. तुला सगळंच आधी कळायचं, फक्त बॅटरीत काय घालायचं तेवढं सोडून.

खाटेवर पडून बघितलं. तुझ्या खिडकीतून सरळ माझं घर दिसतं. गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते, जिना दिसतो, ओटी दिसते. दिवसा. रात्री तुला काय दिसत असेल? मी सगळी बटणं बंद करून, कुलूप ओढून बघून, अंधारात झोपायला जायचो. तू इकडं माझ्यासाठी दिवा लावून पडायचास आणि तुझ्या समोर सगळा काळोख. म्हणून ते किरडू-बिरडू. सरळ सांगता येत नव्हतं तुला. आपल्या दोघांनाही कधी आलं नाही.

बॅटऱ्या काढल्या नाहीत. टर्मिनल पुसली, पाण्याची पातळी बघितली, डिस्टिल वॉटर थोडं घातलं. पुतण्याला फोन करून सांगितलं की अजून तपासायच्या आहेत, वेळ लागेल. तो म्हणाला, तुमाला पाहिजे तवर राहू द्या तात्या, उन्हाळ्यापतूर बोट कुठं जातीय. मुलाचाही फोन आला. बारामतीला कधी येताय म्हणाला. मी म्हणालो, जरा लांबवतो. त्यानं विचारलं, "अण्णा, आता रघूकाका न्हाईत, तिकडं कोण हाय तुमचं?" चांगल्या मनानं विचारलं त्यानं.

निघताना तुझ्या उशीशेजारचं बटण दाबलं. दुपारच्या उन्हात काहीच दिसेना, म्हणून बरणीवर दोन्ही हातांचा आडोसा करून खात्री केली. सुमनला सांगितलं, सकाळी तेवढा बंद कर. ती बरं म्हणाली.

दिवेलागणीला गच्चीवर गेलो. दिवा लागलेला होता. तोच, तेवढाच, त्याच जागी. मला वाटलं होतं, बघून बरं वाटेल. नाही वाटलं, रघू. दोन वर्षं मी त्याच्याकडं बघून मनाशी म्हणायचो की तिथं कुणीतरी जागं आहे, आणि खरोखरच होतं. आज दिवा आहे, पण तो मीच लावून आलोय आणि तिथं कुणी जागं नाही. मी बराच वेळ उभा राहिलो. मग पाय दुखायला लागले म्हणून खाली आलो.

जेवलो. भांडी घासली. नेहमीसारखा घरातून फिरून एकेक बटण बंद केलं, आतली खोली, स्वयंपाकघर, न्हाणी. ओटीवरचं मात्र चालू ठेवलंय. कुणी विचारलं तर सांगेन, किरडू-बिरडू येतं.